मूळ नसलेला भाग

१

गल्लीतल्या निम्म्या लोकांचं हसू कवळीवाल्याच्या हातचं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांचे दात कधी हलायला लागतात याकडे तो डोळा लावून बसलेला असे. माणूस समोर आला की तो आधी त्याच्या तोंडात बघायचा, मग तोंडाकडे. बँकेतल्या साहेबाचं भारदस्त हसणं, मुख्याध्यापिकाबाईंचं कडक बोलणं, कोपऱ्यावरच्या खाटकाचं दात विचकणं, सगळं याच्या फळीवर मेणातून निघालेलं. खोटं कुठलं आणि खरं कुठलं ते भल्याभल्यांना ओळखता यायचं नाही. एवढी एकच बढाई होती त्याची, पण ती तो रोज मारायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांबलचक फळी आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. डोकी नाहीत, डोळे नाहीत, तरी सगळे आपल्याकडेच बघून हसताहेत असं वाटावं. घासायचं यंत्र सुरू झालं की पांढरी धूळ उडायची आणि संध्याकाळपर्यंत कवळीवाला स्वतःच साच्यातून काढल्यासारखा दिसायचा. त्या यंत्रानं त्याचे कानही खाल्ले होते, म्हणून कानामागे ऐकायचं यंत्र. तोंडात अर्थातच कवळी. जन्माचा म्हणावा असा एकच दात उरलेला, खालचा सुळा. तो त्यानं हट्टानं ठेवला होता. बायको म्हणायची, तुमच्या घराण्याचा शेवटचा खांब आहे तो, जपा.

दुपारी यंत्र बंद करायचं, हात धुवायचे, चहा ओतायचा आणि बायकोचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून तिचा निरोप ऐकायचा, हा त्याचा आता नेम झाला होता. बायको वारली होती. साध्या ऑपरेशनला म्हणून दवाखान्यात गेली आणि परत आली ती एक पिशवी. पिशवीत फोन, चष्मा आणि तिची कवळी. फोनमध्ये त्याच्यासाठी निरोप होता. तिनं खाटेवर पडल्या पडल्या बोलून ठेवलेला, पाठवायचा राहून गेलेला.

"अहो, ऐका. सगळं सविस्तर सांगून ठेवते, नाहीतर सैरावैरा धावत सुटाल तुम्ही. खाटकाचं माप मेणात आहे, ते उन्हात ठेवू नका. आणि साळुंकीला म्हणावं, ओल्या चपला घेऊन दुकानात शिरायचं नाही, सगळा चिखल होतो."

साळुंकी म्हणजे तिची धाकटी बहीण. लाँड्रीत कामाला, त्यामुळे चपला बारा महिने ओल्या, आणि बडबड अशी की हे नाव तिला बहिणीनं लहानपणीच ठेवलेलं. बहिणीशिवाय तिला या नावानं कोणी हाक मारत नसे. कोणाची टाप नव्हती.

त्या निरोपातल्या प्रत्येक 'स'ला एक बारीक शीळ होती. बायकोची वरची कवळी कवळीवाल्यानंच केलेली, अगदी नवशिका असताना, आणि समोरच्या दोन दातांत केसाएवढी फट राहून गेली होती. नीट करून देतो म्हटलं की ती तोंड गच्च मिटून घ्यायची. म्हणायची, राहू दे, यंत्राच्या आवाजात माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, शीळ तेवढी येते.

निरोप लांब होता. कवळीवाला तो मध्येच थांबवायचा. शेवट त्यानं एकदाही ऐकला नव्हता. शेवट ऐकला की तिचं बोलून झालं. आणि तो ऐकला नाही तोवर ती अजून बोलायची आहे, असं त्याचं गणित. शाळेतही तो गणितात असाच होता.

मग एका दुपारी चहाचा कप उचलताना हाताचा धक्का लागला, फोन फळीवरून थेट फरशीवर पडला आणि काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं.

२

नाक्यावर फोन दुरुस्त करणारा एक जण बसे. फोन हातात घेतला की आधी त्याला टिचकी मारायचा, म्हणून त्याचं नाव टिचकी पडलं होतं. त्यानं काच बघितली, टिचकी मारली आणि सांगितलं की दुसरी घालतो, कंपनीची नाही पण कंपनीच्या बापाला ओळखू येणार नाही. कवळीवाल्याला हे फार पटलं. आपलाही धंदा तोच आहे म्हणाला.

काच बसली. फोन सुरू झाला आणि पडद्यावर एक ओळ आली.

मूळ नसलेला भाग आढळला.

टिचकीनं समजावलं की फोन रुसलाय. कंपनीची काच नाही म्हणून फुगून बसलाय. 'ठीक आहे' दाबायचं आणि आपलं काम करायचं, घरात कोणी रुसलं की करता तसंच. कवळीवाल्यानं 'ठीक आहे' दाबलं. निरोप वाजला, शिळेसकट. तो खुशीत घरी आला.

पण फोन काही टिचकीच्या बोलण्यावर गेला नाही. एका सकाळी कवळीवाला उठून बघतो तर कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या फोनवर एक गोल फिरतोय. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. बघत बसण्याशिवाय हातात काही नाही. गोल थांबला तेव्हा कळलं की फोन उघडायचे आकडे आता चालणार नाहीत. तुमच्या सुरक्षेसाठी यापुढे फक्त चेहरा.

त्यातून एक बरं होतं. बायकोनं फोनमध्ये स्वतःच्या चेहऱ्यासोबत याचाही चेहरा घालून ठेवला होता, साबणाचे हात असताना यानं उघडून द्यावा म्हणून. त्यानं फोनसमोर तोंड धरलं. फोननं जरा वेळ घेतला. दारात आलेल्या पाहुण्याला आत घ्यावं की नाही असा विचार करत उभं राहतात, तेवढा वेळ. मग उघडला.

मूळ नसलेला भाग आढळला. काही सुविधा मर्यादित राहतील.

त्यानं निरोप लावला. "अहो, ऐका. सगळं," एवढं म्हणून बायको गप्प झाली.

पुन्हा लावला. पुन्हा तेवढंच. जोडीला खाली एक नवी ओळ आली होती: मूळ नसलेला भाग न काढल्यास पुढच्या अपडेटच्या वेळी जुने आवाज काढून टाकले जातील.

चहा तसाच राहिला. इतके महिने हा माणूस शेवट पुढे ढकलत होता, ऐकायचा म्हटलं तर बोटाच्या अंतरावर होता, आणि आता त्याला तो एकदम, ताबडतोब, याच घटकेला हवा झाला.

३

कंपनीचं दुकान सगळं काचेचं होतं. आत गेल्यावर माणसाला आपण धुळीनं किती भरलोय ते कळावं, असं पांढरं. काउंटरवरच्या मुलीचे दात एका ओळीत आणि तिचे स्वतःचे होते. कवळीवाल्याला उगाच हळहळ वाटली.

मुलगी चांगली होती, हे सांगायला हवं. तिनं फोन आत नेला, टिचकीची काच काढून कंपनीची बसवली, मग तिच्या मशीनला जोडून सगळे भाग एकेक तपासले. मशीनवर फोनचं चित्र होतं आणि प्रत्येक भागाशी हिरवी खूण. तिनं पडदा फिरवून त्याला दाखवला. एकही लाल नव्हता.

फोन हातात परत आला तोच ओळ घेऊन. मूळ नसलेला भाग आढळला.

कवळीवाल्यानं विचारलं, आता कुठला? मुलीनं पुन्हा तपासलं. पुन्हा सगळं हिरवं. तो म्हणाला, मग निरोप तेवढा बाहेर काढून द्या आणि फोन ठेवून घ्या, मला नको तो. तिनं बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली.

"फोन कोणाचा आहे, बाळ?"

"तुमचाच आहे, काका. तो कसा चालणार ते कंपनी ठरवते."

"म्हणजे मी तुला कवळी करून द्यायची आणि तू कुणाशी काय बोलायचं ते मी ठरवायचं."

मुलगी हसली, मनापासून हसली, आणि मग आजूबाजूला बघून हसणं आवरलं. हळू आवाजात सांगितलं की मलाही आतलं काही दिसत नाही, माझ्यापर्यंत फक्त हिरवं आणि लाल येतं. नवा अपडेट कधी येणार तेही माहीत नाही, येतो तेव्हा येतो. ज्यांना माहीत आहे त्यांच्याशी बोलता येईल का म्हणून त्यानं विचारलं, तर तिनं एक नंबर दिला. तो लावला की एक गोड बाई बोलायची, पण ती माणूस नव्हती.

कवळीवाला उठला नाही. आयुष्यभर इतरांना हसवत आलेला माणूस त्या पांढऱ्या खुर्चीत हात जोडून बसला आणि ज्या मुलीच्या हातात काही नाही तिच्याकडे गयावया करत राहिला. शेवटी तिलाच राहवलं नाही. ती वाकून म्हणाली, "काका, फोनमधले सगळे भाग मूळ आहेत. खरंच."

बोलून झाल्यावर आपण नेमकं काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं एकदा फोनकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, जरा जास्तच वेळ, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आवाज दिला.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं कवळी धुवायला काढली होती आणि तशाच बोळक्या तोंडानं फोन उचलला. फोन झटकन उघडला. जराही विचार न करता. त्यानं निरोप लावला आणि तो खाटकाच्या मापापर्यंत गेला.

त्यानं कवळी घातली. निरोप 'सगळं'वर अडला. काढली, पुन्हा खाटकापर्यंत.

कवळीवाल्यानं डोकं चालवलं. यात भुताटकी काही नाही. बायकोनं त्याचा चेहरा फोनमध्ये घातला त्या दिवशी तो कवळीला पॉलिश करत होता, तोंड रिकामंच होतं, ती हसून हसून लोटपोट झाली होती आणि तसाच फोटो घेतला होता. फोनला तेच तोंड ठाऊक. यंत्र आहे ते, जसं शिकवलं तसं वागतं. हे सुचल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

पण फोनच्या त्या ओळीशेजारी आता एक चित्र यायला लागलं होतं. आधी त्याला वाटलं अंडं आहे. चष्मा लावून बघितलं तेव्हा अंड्याला कान दिसले. तोंडाच्या जागी हिरवी खूण होती. एक लाल ठिपका कानाशी होता, आणि दुसरा वर, उजव्या बाजूला.

त्यानं कानामागचं यंत्र काढलं. कानाची खूण हिरवी झाली. निरोप लावला, आणि आवाजाची ती नागमोडी रेघ पडद्यावरून चालायला लागली, चालत राहिली, खाटकाचं माप ओलांडून, चपला ओलांडून, त्यानं कधी ऐकलंच नव्हतं तिथवर. बायको बोलत होती. आणि त्याला ढिम्म ऐकू येत नव्हतं. यंत्र कानाला लावलं की रेघ थांबायची.

मेहुणी दुपारी डबा घेऊन आली. ओल्या चपला थेट दुकानात, प्लास्टरच्या धुळीत पांढरी पावलं उमटवत. कवळीवाल्यानं बोळक्या तोंडानं सगळं सांगितलं, तिला निम्मं कळलं. तूच ऐक आणि मला लिहून दे, म्हणाला. ती वाकली तसा पडदा काळा झाला. ती मागे सरली, उजळला. मग त्यांनी तिचा फोन शेजारी ठेवून आवाज भरून घेतला. तिचाही फोन त्याच कंपनीचा. नंतर तिनं तो कानाशी धरला आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ताईचा आवाज सोडून सगळं आलं होतं, तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तुमचा श्वास आहे, खुर्ची करकरलेली आहे, मोरीतला नळ ठिबकतोय. मग ठिबकणं अर्ध्यातच तुटतं. थेंब सुटतो आणि पडतच नाही. बऱ्याच वेळानं पडतो.

तिनं तो आवाज पुसून टाकला.  मग त्याला यंत्र कानाला लावायला लावून म्हणाली, "भावोजी, ताई गेली. त्या फोनमध्ये नाही ती."

"शेवट राहिलाय तिचा."

"मग इतके दिवस का नाही ऐकलात?"

 कवळीवाल्यानं डबा उघडला आणि बोळक्यानं चावता येणार नाही असं काहीतरी चावत बसला. जाताना तिनं फोनकडे हात नेला, त्यानं तो बनियनच्या आत घातला. लहान मूल करतं तसं.

५

ज्याचे कान गेलेत आणि ज्याचा धंदा दाताचा आहे, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. आवाज कानानंच ऐकू येतो असं नाही. यंत्राचा दांडा दातात धरला की सगळी घरघर कवटीत वाजते. हे आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून कवळीवाल्यानं कपाळावर हात मारला. मोरीचं दार लावलं, नळ घट्ट पिळला, कवळी काढली, कानाचं यंत्र काढलं. फोनला तोंड दाखवलं, निरोप लावला आणि फोनची कड त्या एकुलत्या सुळ्यात धरली.

बायको त्याच्या डोक्यात बोलायला लागली.

इतक्या जवळून ती जिवंतपणीसुद्धा कधी बोलली नव्हती. "अहो, ऐका. सगळं सविस्तर सांगून ठेवते." हाडातून हाडात. कवळीवाल्याचे डोळे भरून आले. खाटकाचं माप. उन्हात ठेवू नका. आणि साळुंकीला म्हणावं.

इथे त्याला काहीतरी खटकलं. आधी वाटलं सुळ्यातून नीट येत नसेल. त्यानं फोन जरा आत घेतला. आवाज आणखी स्वच्छ झाला, धुतलेल्या फरशीसारखा, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

शीळ नव्हती.

सगळं, सविस्तर, सांगून, साळुंकी. एकाही 'स'ला नव्हती. त्याच्या हातून राहिलेली फट कोणीतरी भरून काढली होती.

आवाज पुढे बोलतच होता. त्यानं कधी न ऐकलेला भाग. तो म्हणाला, "दात झाले. कान झाला. आता उजवा डोळा तेवढा राहिला. मग सगळं सांगते."

कवळीवाला मोरीच्या ओल्या फरशीवर बसला. नेहमीसारखं डोकं चालवायचा त्यानं प्रयत्न केला. उजव्या डोळ्यात भिंग होतं, खरं आहे. मोतीबिंदू काढून बसवलेलं. वरून बघून कोणाला कळणार नाही. ते बसवायला मेहुणीच त्याला घेऊन गेली होती, डोळ्यावर पट्टी बांधून परत आणलं होतं, आणि रिकाम्या घरात शिरताना तो दारातच रडला होता. म्हणजे बायको गेल्यानंतर. तिला कुठून कळणार?

तो याच्या पुढे विचार करू शकला नाही. फोन दातातून काढला तर पडद्यावर लिहिलं होतं: हा आवाज आम्ही तुमच्यासाठी अधिक स्वच्छ केला आहे. ऐकून कसं वाटलं? आणि खाली पाच चांदण्या, त्यानं बोट ठेवावं म्हणून.

६

तीन भागांचं ते डोकं पडद्यावरून आता जातच नव्हतं. तोंड, कान, उजवा डोळा. कवळीवाला फळीशी बसून त्याच्याकडे बघत राहिला. हातोडीनं फोन फोडावा असं त्याला वाटलं, नाही असं नाही. हातोडी हातातही घेतली. पण त्या धुतलेल्या आवाजाखाली कुठेतरी खरा निरोप असणार, शिळेचा, आणि तो फोडला की गेला. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात तो गोल दिसायला लागला. अपडेट तयार होत आहे. गोल फिरायला लागला.

मग त्याला एक गंमत सुचली. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. साहेबाला फसवलं, खाटकाला फसवलं, आरशाला फसवलं. हा फोन कोण लागून गेला? याला मूळ हवंय ना? देतो.

वरच्या कप्प्यात एका पेल्यात बायकोची कवळी होती. त्यानं ती काढली, पुसली आणि फोनसमोर धरली. नुसती, हातात.

पडद्यावर आलं: जवळपास. चेहरा पूर्ण करा.

तिचा जबडा लहान, याचा मोठा. कवळी अर्धवटच आत जायची, हिरड्यांना रुतायची. त्यानं घासायचं यंत्र सुरू केलं. आजवर त्या फळीवरून नेहमी पांढरी धूळ उडाली होती, आज गुलाबी उडाली. तिचा टाळू होता तो. घासताना तोंडानं तो तिची माफी मागत होता. थोडं, अजून थोडं, एवढंच. समोरच्या फटीला मात्र त्यानं अंगठ्यानं झाकून ठेवलं. गोल फिरत होता. त्यानं कवळी तोंडात घातली, वर दाबली. चपखल बसली. एवढी चांगली कवळी त्यानं जन्मात कोणाला बसवली नव्हती.

कानाचं यंत्र चढवलं आणि फोन तोंडासमोर धरला.

गोल थांबला. मूळ वापरकर्त्या आढळल्या. स्वागत आहे. बऱ्याच दिवसांनी आलात. बाकीचे भाग नंतर पाहू.

बोटानं त्याला लावावाही लागला नाही. निरोप आपणहून सुरू झाला, आणि पहिल्याच 'स'ला, 'सगळं'च्या सुरुवातीला, ती बारीक शीळ आली. कवळीवाला हसला आणि रडला, दोन्ही एकदम. खाटकाचं माप झालं, चपला झाल्या. पुढे औषधं कुठे ठेवलीत ते. पुढे हिवाळी कपडे कुठल्या ट्रंकेत. ती थांबली, कोणाशी तरी बोलली, पुन्हा आली. आणि म्हणाली, "बरं, आता बोलावताहेत मला. बाकीचं घरी आल्यावर सांगते."

झालं. रेघ सपाट झाली.

एवढंच होतं. एवढ्यासाठी त्यानं इतके महिने शेवट राखून ठेवला होता. त्यात शेवट नव्हताच. कवळीवाला प्लास्टरच्या जबड्यांच्या ओळीसमोर बसून राहिला आणि सगळे जबडे त्याच्याकडे बघून हसत राहिले.

पडद्यावर डोक्याचं चित्र परत आलं. तोंडाची खूण आता हिरवी नव्हती. ती निळी होती आणि हळूहळू गालाकडे पसरत होती. खाली लिहिलं होतं: मूळ वापरकर्त्या परत आल्या आहेत. आता मूळ नसलेले भाग एकेक करून काढू या.

त्यानं कवळी काढायला अंगठा वर लावला. कवळी निघाली नाही. चांगली बसलेली कवळी टाळूला चोखून धरते, हे तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. एका बाजूनं उचलायची, हवा आत जाते, की सुटते. त्यानं एका बाजूनं उचललं. दोन्ही अंगठ्यांनी ओढलं. हिरडीतून रक्ताची चव आली. आत जिभेला ते दात लागले आणि त्याला शपथेवर सांगता आलं असतं की ते गार नव्हते.

बाहेर ओल्या चपलांचा चपक चपक आवाज आला. मेहुणी डबा घेऊन आली होती. तिला ओरडून सांगायचं, आत येऊ नकोस, पळ, नाहीतर पक्कड आण, काहीतरी कर. त्यानं सगळा जीव गोळा केला आणि तोंड उघडलं.

"ए साळुंकी, चपला बाहेर काढ. किती वेळा सांगायचं?"

प्रत्येक 'स'ला शीळ होती.

मेहुणी उंबऱ्यावर थबकली.  तिला भावोजी दिसत होते, फळीशी बसलेले, चेहऱ्यावर गुलाबी धूळ. डावा डोळा नुसता विनवणी करत होता. उजव्यातून पाणी गळत होतं. त्यांचा हात आपला आपणच फळीवर चाचपत मेण कोरायच्या बारीक सुरीवर जाऊन थांबला होता. आणि तोंड तिच्याकडे बघून हसत होतं, ताई हसायची तसं.

"हो, ताई," ती म्हणाली. ती म्हणाली हे तिलाही कळलं नाही. खाली न बघता, सवयीनं, तिनं एक चप्पल काढली. मग दुसरी.